नाक्यावरची बासष्ट माणसं

सकाळी साडेनऊला शेलारच्या नाक्यावर बासष्ट माणसं उभी होती, आणि त्यांतल्या एकालाही कुठं जायचं नव्हतं. मनालीने ती घरोघर फिरून गोळा केली होती. नव्या बसमार्गाचा सर्व्हे होता. मागच्या सर्व्हेला नाक्यावर दोनच माणसं सापडली होती, त्यातला एक चहावाला. गाडी येत नाही म्हणून माणसं थांबत नव्हती, आणि माणसं थांबत नाहीत म्हणून गाडी येत नव्हती. यंदा मनालीने ठरवलं होतं, माणसं आपण उभी करायची.

तिला ही गाडी हवीच होती. वडप्याच्या गोडाऊनमध्ये खोक्यांवर लेबलं चिकटवून ती संध्याकाळी सहाला सुटायची. शेअर रिक्षा भरल्याशिवाय हलायची नाही. भिवंडीत उतरून दुसरी धरायची, तीही भरायची वाट बघायची. घरी पोचेपर्यंत साडेआठ. अडीच वर्षांची क्षितू तोवर झोपलेली. आई म्हणजे सकाळी दिसते ती बाई, असं पोरीला वाटायला लागलं होतं.

"विचारलंच तर एकच सांगायचं," तिने रात्री सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं. "वडप्याला, ड्युटीला."

सर्व्हेवाला सागर नुसती डोकी मोजून जाईल, असा तिचा अंदाज होता. पण त्याने पिशवीतून फॉर्मचा गठ्ठा काढला.

पहिले काळूरामबाबा, काठी टेकत पुढे आले.

"कुठं जायचं बाबा?"

"वडप्याला, ड्युटीला."

"काय काम करता?"

"माल चढवतो," बाबा म्हणाले आणि काठी पाठीमागे लपवली.

सागरने लिहिलं. पुढे मनालीची सासू हौसा, कडेवर क्षितूला घेऊन.

"वडप्याला, ड्युटीला," हौसा म्हणाली.

"आणि ही?"

"ही पन ड्युटीला."

रांगेत कुणीतरी फुस्सकन हसलं. सागरने पेनाला टोपण लावलं.

"आजी, खोटे फॉर्म गेले तर गावाचं नावच कट होतं. मग वरीसभर कुणी फिरकत नाही इकडं. कुठं जायचं नसलं तर तसं सांगा, मी जातो."

बासष्ट जणांनी मनालीकडे बघितलं. मनालीने चपलेकडे बघितलं. सगळा डाव तिचा, आणि तो तिच्याच सासूच्या तोंडून फुटला होता. आता माफी मागावी म्हणून ती पुढे सरकली, तेवढ्यात हौसाच बोलली.

"जायाचं न्हाय असं कसं? कोनगावात भइन हाय माझी. तीन वरीस झाली तिचं तोंड न्हाय बघितलं. दोन रिक्षा बदलायच्या, चढउतार करायची, गुडघं ऐकत न्हाईत. म्हनून सगल्यांना सांगते, मला काय कुठं जावंसं वाटत न्हाय."

मनालीने चमकून वर बघितलं. लग्नाला पाच वर्षं झाली होती. सासूबाईंना घरातच बरं वाटतं, असं ती मैत्रिणींना कौतुकाने सांगत आली होती.

सागरने टोपण काढलं. "शेलार ते कोनगाव," तो लिहिता लिहिता पुटपुटला.

काळूरामबाबा मागून पुन्हा पुढे आले. "माझं ते मगाचं खोडून टाक. मला कल्यानला डोल्यांच्या दवाखान्यात जायाचा. दोन तारखा चुकल्या."

"मेरेको निजामपुऱ्यात," मुख्तारचाचा म्हणाले. "दोस्त है. चालीस साल मेरे बाजूच्या लूमवर कपडा विणायचा. अब फोनवर भांडतो. मला समोर बसून भांडायचंय."

"किती वेळा?"

"भांडण संपत नाही तोपर्यंत रोज लिख."

मग धरणाचं दार उघडावं तसं झालं. कुणाला बाजार, कुणाला माहेर, कुणाला दोन वर्षांपूर्वी सोडलेला शिवणकामाचा क्लास. रांगेतल्या कमळने सागरच्या कानाशी काहीतरी हळूच सांगितलं. त्याने मान हलवून गंभीरपणे लिहून घेतलं, आणि ते काय असेल या विचाराने बाकीच्यांचं कशात लक्ष लागेना. फॉर्म संपले. तो भरलेल्या फॉर्मच्या कोऱ्या पाठीवर लिहू लागला.

शेवटी मनाली.

"तुम्ही?" सागर आता हसू दाबत होता. "वडप्याला, ड्युटीला?"

"जायला मी कशी पण जाते," मनाली म्हणाली. "मला परत यायचंय. पोर जागी आहे तोवर."

सागरने कागद खालीवर करून बघितला. कुठून, कुठं, किती वाजता, सगळे रकाने होते. परत यायचा नव्हता. त्याने पेनाने एक उभी रेघ ओढली आणि वर लिहिलं, "परत".

चहाच्या टपरीवर पांगलेली माणसं उठली. काळूरामबाबांनी अर्धा कप तसाच ठेवला. दवाखान्यातून परत, बाजारातून परत, क्लासहून परत. बघता बघता रांग पहिल्याहून लांब झाली.

"मंजुरी काही माझ्या हातात नाही," सागर घाम पुसत म्हणाला. "पण एक लिहून देतो. हे एका गाडीत मावत नाहीत."

हौसाही रांगेत होती. तिचा नंबर आला तशी तिने क्षितूला मनालीच्या कडेवर दिलं, पदर नीट केला आणि सागरच्या कागदावर बोट ठेवलं.

"माझं परत यायचं नको लिवू, बाला," ती म्हणाली. "मी आठ दिस ऱ्हानार हाय."