ऐश्वर्याचा फॉर्म

बायको मालनबाई वारल्याची खबर मुंजाजीला हळदीच्या वावरात मिळाली. सकाळी छातीत दुखतं म्हणून ती शेजारणीबरोबर हिंगोलीच्या दवाखान्यात गेली होती. “तू हो पुढं, दुपारून येतो,” असं म्हणून त्यानंच तिला पाठवलं होतं. दुपारी शेजारचा बालाजी बांधावर येऊन नुसता उभा राहिला. मुंजाजीनं विळा खाली ठेवला.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले. मग एके दिवशी शाळेतल्या निता मॅडम घरी आल्या.

“ऐश्वर्या कुठंय? पंधरा दिवस झाले, शाळेत नाही. दहावीचा फॉर्म शुक्रवारपर्यंत भरायचा आहे.”

“नाक्यावर हाय. लखमाच्या पालावर.”

कनेरगाव नाक्याजवळ ऊसतोड्यांची पालं होती. लखमाची बायको मालनबाईला बहीण मानायची. मालनबाई गेल्यापासून पोरगी तिच्याकडंच होती.

“त्यांची गाडी तर सोमवारी कारखान्यावर निघणार. आई गेली म्हणून पोरीच्या हातात कोयता देऊन राहिलात का?”

मुंजाजीनं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

“तिचे कागद तरी बराबर आहेत. हट्टा गाव सोडून इथं येताना तुम्ही जन्माचा दाखला आणलात. त्या पालावरच्या लेकरांकडं तोही नसतो. दरसाल गाव बदलतं, चौथीच्या पुढं कोणी जात नाही. हुशार पोर आहे, मुंजाजीभाऊ. वाया घालू नका.”

दुसऱ्या दिवशी मुंजाजी नाक्यावर गेला. लखमा कोयत्यांना धार लावत बसला होता.

“लखमा, पोरगी न्यायला आलो.”

“घरात बाई न्हाई, भाऊ. तुमी दिवसभर वावरात. पंधरा वर्साची पोरगी कोनाच्या भरवशावर ठेवता?”

“माझी बहीण आली औंढ्याहून. पारुबाई. परीक्षेपर्यंत राहती.”

“लई कडक हाय म्हनं ती.”

“माझ्यावरबी वरडती.”

लखमा हसला. पोरगी पालातून दप्तर घेऊनच बाहेर आली.

“करपलेल्या भाकरी खाऊन राहिले म्हनं तुमी?” तिनं मुंजाजीला विचारलं.

“कुत्रंबी खाईना. मग काय करावं?”

लखमानं हातातला कोयता बाजूला ठेवला.

“एक कोयता कमी पडल,” तो म्हणाला. “पडू द्या. मालनअक्कानं पोरीच्या शाळेचा शब्द घेतला व्हता माझ्याकून.”

शुक्रवारी पोरीनं फॉर्मवर सावकाश नाव लिहिलं, ऐश्वर्या मुंजाजी. वडिलांच्या जागी मुंजाजीनं सही केली. मॅडमनी शिक्का मारला.

शाळेच्या फाटकाबाहेर लखमा उभा होता. कारखान्यावर जायच्या आधी त्याला आपली लेक, दिपा, एकदा डोळे भरून बघायची होती. मुंजाजीची ऐश्वर्या सहा वर्षांपूर्वी हट्ट्याला काविळीनं गेली होती. तिच्याच दाखल्यावर दिपा शाळेत शिकत होती, आणि ऐश्वर्याच्या मृत्यूची नोंद अजून करायची राहिली होती.