हाडांतलं शिसं

शाळेच्या तपासणी खोलीबाहेर कावेरी येरझाऱ्या घालत होती. पहिलीच्या प्रवेशाला आता जन्मदाखल्यासोबत मुलाचा पडलेला दुधाचा दात द्यावा लागे. आतलं यंत्र त्याचा एकेक थर जाळून कुठल्या महिन्यात कोणता धातू अंगात गेला ते सांगे. शिसं जास्त निघालं, तर मूल वेगळ्या वर्गात जाई.

लग्नाआधी चार वर्षं कावेरीने एका वस्तीत शिसं काढण्यासाठी जुन्या बॅटऱ्या फोडल्या होत्या. लग्न ठरताच तिने ते काम सोडलं, ती वस्तीही सोडली. तरी जिवाला स्वस्थता नव्हती.

तपासनीस टिपणीसबाई बाहेर आल्या. "तुमच्या चैत्रालीला प्रवेश मिळेल. शिसं आहे, पण मर्यादेत, आणि सगळं जन्माआधीच्या थरांत."

"पोटात असताना? बाई, तेव्हा मी त्या वस्तीकडे फिरकलेसुद्धा नाही!"

"ते तुमच्या हाडांत मुरलेलं होतं. बाळाची हाडं घडताना आईच्या हाडांतलं कॅल्शियम ओढलं जातं, त्याच्याबरोबर शिसंही जातं."

प्रवेश मिळाला तरी कावेरी हसली नाही. "आता संपलं असेल ना ते?"

"वीस-वीस वर्षं राहतं. का हो?"

"मला तिसरा महिना आहे."

टिपणीसबाईंनी हातातला अहवाल खाली ठेवला. "मग बसा इथेच. आत्ताच रक्त तपासू, कॅल्शियमच्या गोळ्याही आजपासून सुरू करू, म्हणजे तुमच्या हाडांतून कमी ओढलं जाईल. बाळाची हाडं अजून घडायची आहेत."

कावेरी पटकन बसली आणि तिने बाही वर सारली.