उतार

रोलर खिडकीखालून गेला आणि म्हाताऱ्याची खाट हादरली. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या म्हाताऱ्याने कूस बदलली आणि तो रस्त्याकडे बघायला लागला.

सूनबाई शिलाई मशीनवर शाळेच्या शर्टांना कॉलर बसवत होती. धुळीने तिच्या नाकी नऊ आणले होते. आठ दिवस रस्त्याचं काम चाललेलं, पांढरा शर्ट शिवून होईपर्यंत मातकट व्हायचा. ती खिडकी लावायला उठली.

"राहू दे," म्हातारा म्हणाला.

तिचा हात कडीवरच थांबला. म्हाताऱ्याचं खुब्याचं हाड मोडल्याला चार महिने झाले होते. हाड कधीच जुळलं होतं. आता चालायचं काम त्यांचं, असं डॉक्टर दर वेळी सांगायचे आणि दर वेळी म्हातारा भिंतीकडे वळायचा. 'हूं' आणि 'नको' यापलीकडे शब्द नाही. सूनबाईचं गोडीने सांगून झालं होतं, रागावून झालं होतं, मोरीत जाऊन रडूनही झालं होतं.

"चुकतंय त्यांचं," म्हातारा म्हणाला. "उतार आपल्या बाजूला दिलाय. पाणी सरळ उंबऱ्यावरून आत येईल."

"मी सांगते त्यांना, बाबा."

"तुझं कोण ऐकतंय? मुकादमाला बोलाव."

मुकादम बाई निघाली. चाळिशीची, डोक्यावर पिवळं हेल्मेट, उन्हाने रापलेली. सूनबाईचं ऐकून ती वैतागलीच.

"ताई, सकाळपासून सातव्या तुम्ही. एकाला दारासमोर रस्ता उंच हवाय, दुसऱ्याला खाली हवाय. उतार चुकलाय म्हणून कोण म्हणतं?"

"माझे सासरे."

"काय करतात ते?"

'पडून असतात' हे सूनबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"रस्ते," ती म्हणाली. "तीस वर्षं रस्तेच केले त्यांनी. मुकादम होते."

बाई मुकाट्याने खिडकीशी आली. म्हातारा तोवर कोपरावर भार देऊन उठून बसला होता. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम म्हणाला, "मधोमध एक बादली पाणी ओता."

बादली सूनबाईने आणली. मुकादमबाईने ती रस्त्याच्या मध्यावर उपडी केली. दाबलेल्या मुरमावर पाणी क्षणभर घुटमळलं. मग पलीकडच्या गटाराकडे जायचं सोडून ओघळत अलीकडे आलं आणि दाराच्या दगडाला लागून साचलं.

बाईने रोलरवाल्याला हात केला. रोलर थांबला.

"उद्या डांबर पडलं असतं," ती म्हणाली. "मग पावसाळाभर माझ्या नावाने बोटं मोडत बसला असतात तुम्ही."

"पलीकडची बाजू तीन बोटं खरवडा," म्हातारा म्हणाला. "आणि दोरी लावून खरवडा. अंदाजपंचे नको."

"लावते दोरी. पण काका, ही चारही माणसं नवी आहेत, नजरेने उतार कळत नाही त्यांना. मी एकटी दोन टोकांना कशी उभी राहू? जरा बाहेर येऊन दोरी बघता का?"

"माझा पाय..."

"पाय कोणी मागितलाय? मी नजर मागतेय."

म्हाताऱ्याने पांघरूण बाजूला सारलं, दोन्ही पाय खाटेखाली सोडले आणि अंगठ्याने जमीन चाचपली.

"चपला कुठायत माझ्या?"

मागच्याच महिन्यात घर आवरताना सूनबाईने त्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या होत्या. आता कुणाला लागणार आहेत, असं तेव्हा तिच्या मनात आलं होतं. ते आठवून तिला मान वर करवेना.

"बाबा, मी... दिल्या त्या."

म्हाताऱ्याने तिच्या झुकलेल्या मानेकडे पाहिलं. त्याला काय ते कळलं असावं.

"बरं केलंस," तो म्हणाला. "टाचा झिजल्याच होत्या. तुझ्या दे."

एक हात सुनेच्या खांद्यावर, दुसरा भिंतीवर. खाटेपासून दारापर्यंत अकरा पावलं झाली. चौथ्या पावलाला तो कण्हला, सातव्याला थांबला. सूनबाई अनवाणी, श्वास रोखून त्याच्या बाजूने चालत होती.

बाहेर कुणीतरी खुर्ची आणून ठेवली. म्हातारा बसला नाही. खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. सुनेच्या गुलाबी रबरी चपलांमधून त्याच्या टाचा मागे बाहेर आल्या होत्या. एक डोळा मिटून त्याने दोरीवर नजर लावली.

"पलीकडे एक बोट खाली घे. अजून. अरे, बोट म्हणालो, हात नव्हे! हां, बांध आता."

माणसं हसली. त्यांच्याबरोबर म्हाताराही हसला.

दुपार कलता कलता पलीकडची बाजू खरवडून, पुन्हा दाबून झाली. मुकादमबाईने दुसरी बादली ओतली. या वेळी पाणी शहाण्यासारखं गटाराकडे गेलं.

सूनबाई तिच्याजवळ गेली. "ताई, तुमचे उपकार..." ती म्हणू लागली.

"माझे कसले? त्यांनी माझी अब्रू वाचवली." बाईने हेल्मेट काढून कपाळाचा घाम पुसला आणि म्हाताऱ्याला हाक मारली. "काका, उद्या सकाळी आठला डांबर येतंय."

म्हाताऱ्याने आधी रस्ता पाहिला, मग आपले पाय पाहिले.

"सूनबाई, बाजारात जाऊन चपला घेऊन ये. सात नंबर. रबरी नको, डांबराला चिकटतात. जाड कातडी बघून घे," तो म्हणाला. "दोन वर्षं तरी टिकल्या पाहिजेत."