आवाज वाढव

बाबांच्या गिटारचा आवाज कमी पडला, की ते भर रॉकशोमध्ये साउंडवाल्याचा उद्धार करत. म्हणून साउंडचं काम शेवटी लेकीच्याच गळ्यात पडलं. आज मात्र पहिल्याच गाण्यात त्यांची म्हातारी बोटं चुकली. मॅनेजर तिच्या कानाशी लागला, “ताई, त्यांची गिटार बंद करा. मागे त्यांचा चेला तेच वाजवतोय. लोकांना काय, स्टेजवर बाबा दिसले की झालं.” “बाबांना कळेल ना,” ती म्हणाली. “माझ्या हातून व्हायचं नाही.” तेवढ्यात त्यांचा गाजलेला तुकडा आला आणि बोटं पुन्हा अडखळली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. आयुष्यभर ‘वाढव’ म्हणत वर नाचलेला पंजा त्यांनी सावकाश खाली आणला. तिने स्पीकरमधल्या त्यांच्या आवाजाचं बटण खाली ओढलं. चेल्याची गिटार घुमली. लोक बाबांसाठी उभे राहिले. हेडफोनमध्ये तिने एकटे बाबाच ठेवले आणि शेवटपर्यंत चुकांसकट ऐकले.