अप्पांच्या कपाळाची खाज

त्वचेच्या अ‍ॅलर्जीवर संशोधन करणाऱ्या डॉक्टर शरयूला सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, पाहुण्यांदेखत सुनावलं, "तुझं वांग्याचं भरीत खाल्लं की माझं कपाळ नुसतं खाजतं!"

शरयूला ते झोंबलं. तिने अप्पांना प्रयोगशाळेत नेलं आणि वांग्यासकट अ‍ॅलर्जी आणणाऱ्या नेहमीच्या संशयित पदार्थांच्या पट्ट्या त्यांच्या पाठीवर चिकटवल्या. दोन दिवसांनी त्या काढल्या, तर वांगं निर्दोष सुटलं. लालबुंद झाली होती ती कलपाच्या पट्टीखालची कातडी.

"अप्पा, तुम्ही कलप लावता?"

काळ्याभोर केसांचं श्रेय आयुष्यभर माक्याच्या तेलाला देणारे अप्पा कसनुसे हसले. "घरात बोलू नकोस हं, पोरी."

"पेशंटचं गुपित मी फोडत नाही. पण कलप बंद!"

काही महिन्यांत खाज पळाली आणि डोकं पांढरंशुभ्र झालं. शेजारचे ओगलेकाका चपापले, "अप्पा, केसांना काय झालं?"

"सूनबाईचं औषध, दुसरं काय!" अप्पांनी बेधडक ठोकून दिलं.

गुपिताच्या शब्दाला बांधलेली शरयू ओगलेकाकांसाठी चहा ओतू लागली.

ओगलेकाकांचा हात झटकन आपल्या कुळकुळीत केसांवर गेला. "माझंही कपाळ खाजतंय, म्हणून तुला दाखवायला आलो होतो. पण राहू दे गं बाई!"