फुंकणी

"मामा, ओठ मिटा. अजून घट्ट," मालन सासऱ्याला म्हणाली.

दामाजीनं ओठ मिटायचा प्रयत्न केला. अर्धांगवायूनं त्याचं तोंड डावीकडे ओढलं गेलं होतं, उजवा ओठ लोंबत होता. नळी तोंडात धरून फुंकलं की सगळा वारा त्या कोपऱ्यातून फसकन निसटायचा. लाळ सदऱ्यावर सांडायची. नळीवरचा काटा जागचा हलायचा नाही.

डोंबिवलीतल्या रंगाच्या कारखान्यात आयुष्य गेलेला माणूस. आधी दम्यानं धरलं, मग हा झटका आला. डॉक्टर पेठेबाईंनी दम मोजायची ही नळी घरी दिली होती. तिच्यावर लाल पट्टी चिकटवून त्यांनी मालनला बजावलं होतं, "रोज सकाळी फुंकायला लावायचं. काटा पट्टीपर्यंत उतरला तर इस्पितळ. पण वारा गळला तर माप खोटं येईल, आणि खोट्या मापावर मी औषध कसं देऊ?"

इस्पितळ म्हटलं की म्हातारा थरथरायचा. त्याची बायको तिथं गेली ती परत आली नव्हती.

मालननं सगळं करून पाहिलं. नळीला ओला फडका गुंडाळला, बाळाच्या बाटलीचं रबर चढवलं, ओठ चिमटीत धरले. म्हातारा रडकुंडीला यायचा. त्याचा मुलगा तानाजी बघायला उभा राहिला की जास्तच. शेवटी मालन दार लोटून घ्यायला लागली.

आणि एका सकाळी आतून तिचा आवाज आला, "आला वर!"

तानाजी धावत आत गेला. काटा पट्टीच्या बराच वर होता. मालन सासऱ्याचं तोंड पदरानं पुसत होती.

पेठेबाई खूश झाल्या. "कसं जमवलंस गं?"

"धरायची जागा सापडली."

"दवाखान्यात येऊन बाकीच्यांना दाखवशील?"

"घरचं कुठं सुटतंय, बाई."

वर्ष सरलं. खिडकीखालचा नाला कधी गुलाबी, कधी हिरवा वाहायचा. त्याचा वास चाळीत भरून राहायचा. कामावर निघताना तानाजी विचारायचा, "आला वर?" आतून "आला" ऐकलं की निघायचा. येताना बापासाठी मोसंबी आणायचा. सोलून द्यायचं काम मालनचं.

मग काटा उतरायला लागला. थोडा थोडा करत. दिवाळीनंतर एका सकाळी आतून उत्तरच आलं नाही. तानाजी घाईत तसाच निघून गेल्यावर मालन नळी पिशवीत घालून एकटीच दवाखान्यात गेली.

"पट्टीला टेकला," तिनं सांगितलं.

पेठेबाईंचा चेहरा उतरला. "धाप लागते?"

"रात्री आडवं झालं की."

"फुप्फुसं थकलीत, मालन."

"औषधानं वर येईल ना?"

"या वयात कठीण आहे. निभेल तेवढं निभवायचं."

मालन पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. "आणि वय नसतं तर?"

"तरुण माणसाचा काटा एवढा उतरला असता तर मी त्याच दिवशी मुंबईला पाठवलं असतं. वेळेत गेलं तर माणूस वाचतो. का गं?"

"काही नाही. सहज."

"उद्या घेऊन ये त्यांना."

ती घेऊन गेली नाही. पुढच्या आठवड्यात पेठेबाईंकडून तानाजीला हे कळलं, तसा तो त्यांनाच घरी घेऊन आला. उंबऱ्यातूनच बायकोवर खेकसला, "बापाचा दम चाललाय आणि तू गप बसलीस? लाज नाय वाटली?"

मालन चहा टाकायला वळली, दोन्ही हात ओट्यावर टेकून जरा थांबली, मग स्टोव्ह पेटवला.

पेठेबाईंनी दामाजीची छाती तपासली. कपाळाला आठी घालून पुन्हा तपासली. "ऐकायला तर बरी वाटतेय," त्या पुटपुटल्या. "पण माप एवढं खाली म्हणजे वाट बघण्यात अर्थ नाही. तानाजी, रिक्षा बोलाव. आजच दाखल करू."

तानाजी कपडे पिशवीत कोंबायला लागला. दामाजीनं डाव्या हातानं पेठेबाईंचा पदर घट्ट धरला. वाकड्या तोंडातून एकेक शब्द सुटत गेला.

"मला नका नेऊ, बाई. वरीसभर मी येकदाबी नाय फुंकलं. सून फुंकते."