अकरा वाजायच्या आत

दुर्गाघाटाच्या गल्लीत बकुळ मध्येच थांबली. मागची माणसं खोळंबली, तरी तिनं मोबाइलवरचा निरोप पुन्हा वाचला. सुनैनादेवी, वय बावन्न, अंडाशयाची गाठ, रक्ताचा रिपोर्ट वाईट. आज अकराला तहसिलीच्या इस्पितळात ऑपरेशन.

शहरातल्या कॅन्सर इस्पितळात काम करणाऱ्या बकुळकडे आसपासच्या आठ जिल्ह्यांतून बायकांचे असे रिपोर्ट यायचे. तिथल्या तज्ज्ञांकडे कुणाला हलवायचं ते मंगळवारच्या ऑनलाइन बैठकीत ठरायचं; हलवायचं काम तिचं. पण मंगळवार उद्या होता. आणि ही गाठ कापताना फुटली, तर रोग पोटभर पसरणार.

तिनं तिथल्या सर्जनना, डॉ. त्रिपाठींना फोन लावला, ऑपरेशन थांबवायची विनंती केली.

"मॅडम, पंद्रह साल से पेट खोल रहा हूँ." फोन बंद.

मग आपल्या विभागप्रमुखांना, डॉ. श्रीनिवासना.

"बकुळ, त्यांना दुखावलंस तर तिथून एकही बाई यायची नाही. वर्षाला तीस-चाळीस जणी येतात."

"आणि ही?"



साडेनऊ झाले होते. बकुळनं थेट सुनैनादेवीच्या घरचा नंबर फिरवला. तिच्या सुनेनं फोन उचलला. बकुळनं एका दमात सगळं सांगितलं.

"आपकी अपनी माँ होती तो?" सुनेनं विचारलं.

"आत्ताच्या आत्ता गाडीत बसवली असती," बकुळ मराठीतच बोलून गेली. मग हिंदीत पुन्हा सांगितलं.

दुपारी सुनैनादेवी आली. रात्रीपासून उपाशी, शालीखाली इस्पितळाचा हिरवा झगा तसाच. चार दिवसांनी गाठ अखंड निघाली. कॅन्सरच होता.

त्याआधीच त्रिपाठींचं तक्रारपत्र येऊन पडलं होतं. पुढे त्या तहसिलीतून एकही रिपोर्ट आला नाही. बकुळ रोज सकाळी आधी तेच बघायची. सुनैनादेवी ऑपरेशनातून सावरून घरी गेली, तरी बकुळला चैन नव्हतं. न आलेल्या बायका तिच्या डोळ्यांपुढून हलेनात.

चौथ्या मंगळवारी बैठकीच्या पडद्यावर एक नवी चौकट उघडली. कॅमेरा बंद, तासभर आवाज नाही. श्रीनिवास बैठक आवरू लागले, तेव्हा कुणीतरी घसा खाकरला.

"त्रिपाठी बोल रहा हूँ. एक मरीज है. अभी हाथ नहीं लगाया. पहले पूछ रहा हूँ."

बकुळनं माइक चालू केला.

"नाम बताइए, डॉक्टरसाहब."